अर्जातली न लिहिलेली अट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तर नागपुरातल्या एका सायबर कॅफेत वस्तीतल्या एका मुलाचा फॉर्म भरायला बसलो होतो. मुदतीचा शेवटचा दिवस. पानाच्या मधोमध राखाडी चौकोन आणि त्यात प्लगइन टाकण्याची सूचना. टाकायला गेलो तर संगणकाने पासवर्ड मागितला. तो मालकाला माहीत आणि मालक गावाला. मुलाकडे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका सगळे होते. जाहिरातीतल्या सर्व अटी त्याने पूर्ण केल्या होत्या. तो अडला ते जाहिरातीत नसलेल्या अटीवर.

मित्रांनो, हा विषय आपण 'कॉम्प्युटरवाल्यांचा' म्हणून सोडून देतो. माझ्या मते हा हक्काचा विषय आहे.

1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची पात्रता खाली आणण्याचा आग्रह धरला. का? मालमत्तेची अट कागदावर सर्वांना सारखी दिसते. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मालमत्ता करूच दिली नाही, ते तिथेच गळतात. पुढे संविधानाच्या कलम 326 ने प्रौढ मताधिकार दिला आणि ती अट गेली. 'अमुक ब्राउझर, अमुक प्लगइन, फक्त डेस्कटॉप' ही आजची मालमत्तेची अट आहे. फरक इतकाच, की ती कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेली नसते.

प्लगइनची बाजूही ऐकली पाहिजे. साधा एचटीएमएल फॉर्म 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्येच होता. पण त्यात रकाने, बटणे आणि याद्या यांपलीकडे फारसे काही नव्हते. तारीख चुकली की जागच्या जागी सांगणे, डिजिटल स्वाक्षरी घेणे, ही कामे फ्लॅश किंवा जावा ॲप्लेट करत. त्या काळी ती गरज खरी होती.

पण 2014 मध्ये एचटीएमएल 5 अधिकृत मानक झाले. आवश्यक रकाना, तारीख, ईमेल, आकड्यांची मर्यादा, फाईल जोडणे हे सगळे आता ब्राउझर स्वतःच करतो. क्रोमने 2015 मध्ये जुन्या पद्धतीचे प्लगइन बंद केले. 2020 संपताना फ्लॅशचाही शेवट झाला. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये अडकले होते. ते चालावेत म्हणून जानेवारी 2021 मध्ये त्या खात्याला स्वतःचा वेगळा ब्राउझर काढावा लागला! 1995 च्या पद्धतीचा साधा फॉर्म मात्र आजही उघडतो.

आपल्या भाषेतही हेच घडले. एकेकाळी मराठी वृत्तपत्रांच्या साइट वाचायला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. युनिकोड हे सामाईक मानक रुजले आणि साध्या मोबाईलवरही मराठी वाचता येऊ लागली.

कोणी म्हणेल, प्लगइन गेले, आता वाद कशाला? प्लगइन गेले, वृत्ती गेली नाही. आजही काही फॉर्म मोबाईलवर अर्धे दिसतात, जड स्क्रिप्ट पूर्ण उतरल्याशिवाय बटण चालत नाही, मध्येच नेटवर्क गेले की भरलेले सगळे पुसले जाते. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 मध्ये बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून सुरू झाली. तिची उत्पन्नमर्यादा आज अडीच लाख रुपये आहे. म्हणजे शासनच सांगते, अर्जदार गरीब असला पाहिजे. मग त्याच्या घरी संगणक असेलच, असे गृहीत धरून फॉर्म बनवता येईल का?

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ते प्रकरण अपंग व्यक्तींच्या ई-केवायसीचे होते. नीट बांधलेल्या साध्या फॉर्ममधला रकाना अंध विद्यार्थ्याचे सॉफ्टवेअर वाचून दाखवते. राखाडी चौकोनात त्याला काहीच ऐकू येत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. मूळ फॉर्म मानक एचटीएमएलमध्ये, स्वस्तातल्या मोबाईलवर, मंद नेटवर चालणारा असावा. भरलेली माहिती टप्प्याटप्प्याने जतन व्हावी. सजावट आणि सोयी त्यावर खुशाल चढवाव्यात. त्या बंद पडल्या तरी अर्ज जमा झाला पाहिजे. जिथे डिजिटल स्वाक्षरीसारखे वेगळे सॉफ्टवेअर खरोखरच लागते, तिथे ते जाहिरातीतच लिहावे आणि ते भरून घेण्याची मोफत सोय तालुक्यात असावी.

आणि सुरुवात घरापासून करू. आपल्यातली कितीतरी मुले आज आयटीत आहेत. शिबिराचा, अभ्यासिकेचा फॉर्म बनवताना तो आधी आपल्या वस्तीतल्या सर्वांत जुन्या फोनवर उघडून पाहा. तिथे चालला, तरच तो सर्वांचा फॉर्म.

जय भीम!