बेंबीचा हर्निया : टाके की जाळी?

आपल्या घरांतल्या बायका तापाचे सांगतात, गुडघ्याचे सांगतात, पण बेंबीपाशी आलेली गाठ सांगत नाहीत. दोन-तीन बाळंतपणे झालेली, पाण्याचे हंडे वाहणारी, हंगामात कापूस वेचायला जाणारी बाई ती गाठ ओढणीखाली वर्षानुवर्षे झाकते. कोणी म्हणते बेंबी सरकली, कोणी चोळून घ्यायला सांगते. सजद्यात कळ येऊ लागली की ती खुर्चीवर बसून नमाज अदा करते, पण दवाखान्यात जात नाही. चिखली-मेहकरकडच्या खेड्यांत आम्ही हेच पाहतो.

ही गाठ म्हणजे बहुधा हर्निया. बेंबीजवळ पोटाच्या भिंतीत भोक पडते आणि आतली चरबी किंवा आतडे त्यातून बाहेर येते. आडवे झाले की गाठ आत जाते, म्हणून बरे वाटते. पण मोठ्या माणसाचे हे भोक गोळ्यांनी, पट्ट्याने किंवा चोळण्याने बुजत नाही. लहान मुलांचे वेगळे आहे. बहुतेकांची बेंबी चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप आत बसते. त्यावर नाणे बांधून काही होत नाही.

ऑपरेशन ठरले की घरात पहिला वाद जाळीचा होतो. ‘पोटात परकी वस्तू कशाला? टाके घाला, झाले.’ भोक एक सेंटिमीटरहून लहान असेल तर नुसते टाके चालू शकतात. त्याहून मोठे असेल तर टाक्यांवर ताण येतो. फाटलेला कपडा नुसता ओढून शिवला तर पुन्हा उसवतो, आतून ठिगळ लावले तर टिकतो, तसेच हे. 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातील 300 रुग्णांचा अभ्यास आला. त्यांची भोके एक ते चार सेंटिमीटरची होती. अडीच वर्षांत टाके घातलेल्यांपैकी सुमारे 12 टक्के लोकांचा हर्निया परत आला, जाळी लावलेल्यांपैकी 4 टक्के लोकांचा.

दुसरा प्रश्न दुर्बिणीचा. दुर्बिणीने छोट्या छिद्रांतून आतल्या बाजूने जाळी बसवतात. भोक मोठे असेल, रुग्ण स्थूल असेल, जखम पिकण्याची भीती असेल तर त्याचा फायदा होतो. पण त्याला पूर्ण भूल लागते आणि खर्चही जास्त. छोटा हर्निया बेंबीजवळच्या लहानशा छेदातून जाळी लावून उत्तम दुरुस्त होतो. दुर्बिणीचे म्हणजे चांगलेच, असे समजून कर्ज काढू नये.

जाळी महाग म्हणून ती टाळावी, असेही नाही. आपल्याच राज्यात, धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जांघेच्या हर्नियासाठी वापरले आणि 2003 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा स्वस्त जाळीची युगांडातही चाचणी झाली. 2016 साली आलेल्या त्या निष्कर्षांत महागड्या जाळीच्या तुलनेत ती कमी पडली नाही. म्हणून साधी जाळी चालेल का, हे डॉक्टरांना बेधडक विचारावे. बुलढाण्याच्या किंवा खामगावच्या सरकारी रुग्णालयातही आधी चौकशी करावी.

भगिनींनो, महिला डॉक्टर मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर गरजेपोटी पुरुष डॉक्टरकडून इलाज करून घेण्यास शरीअतमध्ये सवलत आहे. पुढे मूल हवे असेल तर ते आधीच सांगा. ऑपरेशन कधी आणि कोणत्या पद्धतीने, हे त्यावरही ठरते. मधुमेह, जुना खोकला, घरातल्या पुरुषाची तंबाखू-विडी, हेही लपवू नका.

आणि गाठ कडक झाली, आत जाईना, सोबत उलट्या व असह्य दुखणे सुरू झाले, तर सकाळची वाट पाहू नका. आतडे अडकलेले असू शकते, त्याचा रक्तपुरवठा तुटला तर जिवावर बेतते. त्या रात्री गाडी काढावी, चोळणारीला बोलावू नये. अल्लाहने शिफा ठेवली आहे, ती शोधणे आपले काम आहे.