हृदय दोघांचेही, निदान मात्र एकाचेच?

घरातील कर्त्या पुरुषाने छातीवर हात ठेवला, की सारे घर क्षणात हलते. कुणी वाहन आणण्यासाठी धावतो, कुणी डॉक्टरांना दूरध्वनी करतो, शेजारी गोळा होतात. त्याच घरातील गृहिणी पाठ भरून आल्याचे, जबडा दुखत असल्याचे किंवा जिना चढताना धाप लागल्याचे सांगते, तेव्हा उत्तर ठरलेले असते : ‘पित्त झाले असेल. उपवास फार करतेस. जरा पड.’ तीही पडते. पण त्याआधी ओटा आवरून घेते. या ‘जरा पड’मध्येच कित्येकदा उपचाराचे मोलाचे तास निघून जातात.

हा दोष केवळ घराचा असता, तर समजूत घालून भागले असते. परंतु आधुनिक वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ हेच केले आहे. योगायोग असा, की या शास्त्राची खूण बनलेला स्टेथोस्कोप एका स्त्रीच्या हृदयाची तपासणी करतानाच जन्माला आला. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक यांना हृदयविकाराची लक्षणे असलेल्या एका तरुणीच्या छातीला कान लावणे संकोचाचे वाटले. त्यांनी कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ठोके ऐकले. पुढे मात्र हृदयाचे संशोधन पुरुषाभोवतीच फिरत राहिले. १९८२ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या जोखमीविषयी एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात १२,८६६ माणसे होती, सर्व पुरुष. १९८९ मध्ये अ‍ॅस्पिरिनची उपयुक्तता दाखविणारा अभ्यास पूर्ण स्वरूपात आला. त्यात २२,०७१ डॉक्टर होते. तेही सर्व पुरुष. या अभ्यासांवर आधारलेले नियम मग स्त्रियांनाही लावले गेले.

या पक्षपातावर नेमके बोट ठेवले ते डॉ. बर्नाडीन हीली यांनी. त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. आयझॅक बाशेविस सिंगर यांच्या कथेतील येंटल या मुलीला धर्मग्रंथांच्या अध्ययनासाठी पुरुषवेष घ्यावा लागतो. १९९१ च्या आपल्या लेखात हीली यांनी तिचेच नाव या प्रवृत्तीला दिले. आपला आजार पुरुषासारखाच आहे हे सिद्ध केले, तरच स्त्रीला पुरुषाइतके उपचार मिळतात, असा त्यांचा आक्षेप होता. १९९३ मध्ये सरकारी खर्चाने होणाऱ्या वैद्यकीय प्रयोगांत स्त्रियांचा समावेश अमेरिकेत कायद्याने बंधनकारक झाला.

मग फरक तरी काय आहे? येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. छातीत दुखणे किंवा दडपण येणे हेच स्त्रियांतीलही सर्वांत मोठे लक्षण आहे. परंतु त्याच्या जोडीला मळमळ, धाप, पाठ-मान-जबड्यातील वेदना, विलक्षण थकवा अशी लक्षणे स्त्रियांत अधिक आढळतात आणि त्या गर्दीत मुख्य तक्रार हरवते. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्याआधी जे डॉक्टरांकडे गेले होते, त्यांतील ५३ टक्के स्त्रियांना ‘हे हृदयाचे वाटत नाही’ असे सांगण्यात आले होते. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के होते. 

चाचण्यांचीही तीच गत. हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की रक्तात ट्रोपोनिन वाढते. निरोगी स्त्रीमध्ये त्याची पातळी मुळातच पुरुषापेक्षा कमी असते. एडिंबरोच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अधिक सूक्ष्म चाचणी वापरून दोघांसाठी स्वतंत्र मर्यादा लावल्या. स्त्रियांतील निदानाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते १९ वरून २१ झाले. म्हणजे जुन्या मापाने निम्म्या स्त्रिया निसटत होत्या. शिवाय मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या दिसत असूनही झटका येण्याचा प्रकार स्त्रियांत अधिक आढळतो. अँजिओग्राफी ‘स्वच्छ’ आली म्हणजे चिंता मिटली, असे म्हणूनच नसते.

भारताचे चित्र अधिक गंभीर आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदणीत वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांत स्त्रिया जेमतेम चतुर्थांश. तीव्र झटक्याचे निम्मे रुग्ण तर सहा तास किंवा त्याहून अधिक उशिराने रुग्णालयात पोहोचले होते. स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो, हे खरे. पण ‘बायकांना हृदयविकार होत नाही’ हा त्याचा अर्थ नव्हे. मधुमेह हे निसर्गदत्त संरक्षण बऱ्याच अंशी हिरावून घेतो. गरोदरपणातील मधुमेह वा वाढलेला रक्तदाब ही पुढच्या धोक्याची सूचना असते. आणि दातांना लावलेली मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे.

पाश्चात्त्य विचाराने समानतेचा अर्थ पुष्कळदा सारखेपणा असा लावला. त्या सारखेपणाचे माप मात्र पुरुषाचे घेतले. आपल्याकडे अर्धनारीनटेश्वराची कल्पना आहे. त्यात दोन्ही अर्धांगे तोलामोलाची आहेत, पण एक दुसऱ्याची नक्कल नाही. विज्ञान आज वेगळ्या वाटेने याच निष्कर्षाशी येत आहे. परंतु एवढ्यावर समाधान मानून पाठ थोपटून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्या घरातही आईची तपासणी सर्वांत शेवटी होते. तिच्या सोशिकतेचे आपण इतके कौतुक केले, की वेदना लपविणे हाच तिचा धर्म ठरला. जी श्रद्धा आईला वेळेवर रुग्णालयात नेत नाही, ती श्रद्धा अपुरी आहे.

हा संकोच ओळखूनच आनंदीबाई जोशी सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी, हे त्यांचे म्हणणे होते. हृदयविकाराच्या झटक्याने आलेल्या स्त्रियांमध्ये, उपचार करणारी डॉक्टर स्त्री असल्यास मृत्यूचे प्रमाण कमी आढळल्याचे फ्लोरिडातील नोंदींवरून २०१८ मध्ये दिसून आले. भारताच्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती वयाच्या १०३ व्या वर्षी, २०२० मध्ये निवर्तल्या. त्यांचा मार्ग आज किती मुली धरतात, हाही प्रश्न समाजाने स्वतःला विचारावा.

तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. हळदीकुंकू, भजनी मंडळ, बचत गट येथे वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासणे कठीण नाही. सेवावस्तीतील आरोग्य शिबिरात ईसीजीसाठी पडदा आणि महिला परिचारिका असावी. संकोचापायी तपासणी टळू नये. छाती, पाठ वा जबड्यात अकारण वेदना, धाप आणि घाम अशी लक्षणे दिसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी काढला जावा, हा मान्य दंडक आहे. नातेवाइकांनी तो निःसंकोच आठवून द्यावा.

मुख्य बदल मात्र घरातच व्हायला हवा आणि त्याला पैसा लागत नाही. ‘जरा पड’ याऐवजी मुलाने एवढेच म्हणावे : ‘आई, ओटा मी आवरतो. तू आधी चल.’