ऐकणारे कान हवेत

चाकणला सॅनी आणि रांजणगावला हायर अशा चिनी कंपन्यांचे कारखाने आले, तशी चिनी भाषेची वाट आपल्या मुलामुलींनाही दिसू लागली. आमच्या काळेवाडीतल्या तीन वर्गमैत्रिणी सध्या ‘एचएसकेके’ या चिनी संभाषणाच्या परीक्षेची तयारी करत आहेत.

या परीक्षेत उत्तरे माइकसमोर बोलून ध्वनिमुद्रित होतात. प्राथमिक पातळीवर 15 वाक्ये ऐकून जशीच्या तशी म्हणायची, 10 प्रश्नांची थोडक्यात उत्तरे द्यायची आणि शेवटी 2 प्रश्नांवर दीड-दीड मिनिट बोलायचे. 100 पैकी 60 गुणांना उत्तीर्ण.

अवघड आहेत ते सूर. ‘मा’ एका सुरात आई, दुसऱ्यात घोडा, तिसऱ्यात रागावणे! उच्चारांत मात्र आपली मुले पुढे आहेत. रोमन लिपीत ‘पी’ने लिहिलेला चिनी ध्वनी उर्दूतल्या ‘फूल’मधल्या ‘फ’सारखा, ओठ मिटून म्हणायचा, ‘फायदा’मधल्यासारखा नव्हे. हा फरक आपल्या घरात लहानपणापासून कानांवर असतो.

1938 साली चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथल्या लोकांत राहून चिनी बोलू लागले. इथे ते वातावरण कुठून आणणार? म्हणून एक मुलगी वाक्य म्हणते, दुसरी तेच परत म्हणते आणि तिसरी ऐकू आलेल्या सुराचा क्रमांक, 1 ते 4, वहीत लिहिते. मग पुस्तकाशी ताडून पाहतात. आपले हाफिज एकमेकांना ऐकवून दौर करतात, तो याचसाठी. स्वतःची चूक स्वतःच्या कानाला लवकर सापडत नाही.

अडचण घरात आहे. एका खोलीचा संसार, टीव्ही चालू आणि मुलीने तोंड उघडले की भाऊ नक्कल करून हसतो. मग ती दबक्या आवाजात बोलू लागते. दबक्या आवाजात सूर नीट उमटत नाही आणि परीक्षेत माइकसमोरही तीच सवय आड येते. फी आपण भरतो, आवाज मात्र आपणच बंद करतो.

पालकांना आमची विनंती एवढीच: रोज अर्धा तास टीव्ही बंद ठेवा, मैत्रिणींना घरी येऊ द्या आणि हसणाऱ्याला दटावा. अम्मीला चिनी येत नसेल, पण मोबाइलवर दीड मिनिट मोजता येते आणि मुलगी मध्येच अडली का, तेही सांगता येते.