सीनेच्या अलीकडे, सीनेच्या पलीकडे

आमच्या मुलांस दूरदेशीच्या राजधान्यांची नावे पाठ असतात. परंतु आष्टी तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या सीना नदीपलीकडचा मुलूख आपल्याहून वेगळा का, असे विचारले तर मूल गप्प बसते. बाप म्हणतो, "आपलं नशीबच कोरडं." ज्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आणि भूगोलात आहे, तो नशिबाच्या गळ्यात बांधावयाचा, ही आपली जुनी खोड आहे आणि तिचा फायदा नेहमी दुसऱ्यानेच उचलला आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला तो 'का' विचारण्यास शिकविण्यासाठीच. सबब आज आम्ही बीड आणि नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या दोन शेजारी मुलुखांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सीनेच्या दोन्ही तीरांस भाषा एक, ज्वारी-बाजरीची भाकर एक, कुणबी, वंजारी, धनगर, माळी आणि बलुतेदार तेच, सोयरिकीही एकमेकांत. सोळाव्या शतकात हे दोन्ही मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत एकाच राज्यात होते. बीडजवळची खजाना विहीर त्याच अमदानीतली. तिचे पाणी मोटेवाचून, जमिनीखालच्या कालव्याने शेतात जाते. आमच्या भूमीत पाण्याची अक्कल नव्हती, असे म्हणणाऱ्याने ती विहीर जाऊन पाहावी.

पुढे हैदराबादचा निजाम आला. त्याचा त्या जुन्या निजामशाहीशी संबंध नाही. 1795 साली आमच्या सरहद्दीलगत खर्ड्याला मराठ्यांनी त्याचा पराभव केला खरा, पण 1818 साली पेशवाई बुडाली, नगर कंपनी सरकारकडे गेले आणि बीड निजामाकडेच राहिले. एका बापाच्या दोन लेकी नदीच्या दोन तीरांना दिलेल्या, त्या दोन राज्यांच्या रयत झाल्या. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके बसले. नगरच्या बाजारात कलदार रुपया, बीडच्या बाजारात हाली. सहा कलदारांस सुमारे सात हाली मोजावे लागत. बीडच्या चांभारांची छागल नावाजलेली होती, पण ज्या कारागिराच्या मालास एका बाजूस जकात आणि दुसऱ्या बाजूस नाण्याचा बट्टा, त्याचा धंदा वाढावा कसा?

शाळेची तीच गत. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याची भाषा उर्दू. मराठी कुणब्याच्या पोराने चार यत्ता मराठीत शिकाव्या आणि पुढे परक्या भाषेशी झगडावे, नाहीतर बैलांमागे जावे. त्याच सुमारास, 1917 साली, शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1919 साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. आगगाडी नगरास 1878 साली आली. बीड शहरास ती 17 सप्टेंबर 2025 रोजी आली. मधली 147 वर्षे कोणत्या ग्रहाच्या दशेने गेली, हे पंचांगवाल्यांनी सांगावे!

म्हणून इंग्रज दयाळू होता, असे कोणी समजू नये. त्याच्या साऱ्याने आणि सावकाराच्या खतांनी गांजलेल्या पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी 1875 साली सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा कोठे 1879 चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. 1926 साली प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. कालव्याच्या पाण्यावर आधी खाजगी कंपन्यांनी साखर केली. मग विठ्ठलराव विखे पाटलांनी लहान लहान शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाची साथ घेतली आणि लोणीला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. 1950 साली त्याचे गळीत सुरू झाले. पाणी सरकारने आणले, पण त्याचा पैसा एकीने केला.

येथे कोणी विचारील की, पाथर्डी आणि जामखेड हे तालुकेही नगरचेच, इंग्रजीतलेच, मग ते कोरडे का? प्रश्न रास्त आहे. प्रवरा आणि मुळा सह्याद्रीत उगवतात. आमची सिंदफणा आणि मांजरा बालाघाटाच्या कोरड्या डोंगरात. राज्याची सरहद्द 1948 च्या सप्टेंबरात, पाच दिवसांच्या पोलीस कारवाईत पुसली गेली. 1949 साली जहागिऱ्या गेल्या, 1950 साली कुळकायदा आला, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्र झाला. पण कालव्याची सरहद्द राहिली. 1976 साली जायकवाडीचे लोकार्पण झाले. तिच्या उजव्या कालव्याने गेवराई-माजलगावकडे ऊस उभा राहिला. पाटोदा, शिरूर, धारूर हे डोंगरपट्टे तहानलेलेच राहिले, कारण पाटाचे पाणी चढ चढत नाही. साठांहून अधिक वर्षे एका छपराखाली राहिल्यावर सगळा दोष निजामाच्या माथी मारणे, हे आता नशिबाला बोल लावण्यासारखेच झाले आहे.

आणि या दोन मुलुखांचा आजचा व्यवहार काय? दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडून कोयता जातो. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. माणसाची गणती हत्याराने होते! मुकादमाची उचल अंगावर, पहाटेच्या थंडीत फड, पाचटाच्या कोपीत संसार आणि खाडा पडला तर त्याचीही कपात. ज्या उसाने पलीकडच्या शेतकऱ्याची माडी बांधली, त्याच उसाच्या फडात अलीकडच्या शेतकऱ्याच्या पोरीची शाळा सुटली. पूर्वी लुटणारा शेटजी होता, भटजी होता. आता कारखान्याच्या खुर्चीवर आणि मुकादमाच्या गादीवर पुष्कळदा आपल्याच बहुजन घरांतली माणसे बसलेली आहेत. शेटजीने केले तो अन्याय आणि आपल्याने केला तो व्यवहार, असा दुटप्पी न्याय या चळवळीस शोभणार नाही. शेतकऱ्याच्या सहकारात ऊस तोडणाऱ्याला भाग नसेल, तर तो सहकार अर्धाच होय.

तेव्हा करावे काय? आईबापांनी गावी राहणारे मूल फडात नेऊ नये. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना निघाली आहे. ती टोळ्या निघण्याआधी दारात उभी आहे की नाही, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. उचलीचा आणि टनाचा हिशेब घरातल्या शिकत्या मुलाकडून वहीत लिहून घ्यावा. मुकादमाच्या वहीवर अंगठा देऊ नये. गोदावरीच्या खोऱ्यातील पाण्याची समन्यायी वाटणी हा आता 2005 च्या कायद्याचा विषय आहे, वरच्या धरणवाल्यांच्या मेहेरबानीचा नव्हे. तो हक्क ऊस पिकविण्यासाठी नव्हे तर ज्वारी, कडधान्य आणि जनावरांच्या पाण्यासाठी आधी मागावा. आणि जी आगगाडी एवढ्या वर्षांनी आली, तिच्यातून कोयतेच तेवढे पलीकडे जाऊ नयेत. आपला कापूस, आपली तूर आणि कारागिराचा माल जावा, आणि शिकलेली पोरे परत यावी.

पलीकडच्या बांधवांशी आमचे वैर नाही. त्यांचा ऊस आमच्या हातांनी तुटतो आणि आमची चूल त्यांच्या फडावर पेटते. परंतु शेजारधर्म बरोबरीच्या दोघांत असतो. ती बरोबरी कोणी देणार नाही. ती हिशेबाने, शाळेने आणि एकीनेच मिळवावी लागेल.