हलकी रायफल, पण किती हलकी?

पायी शिकार करणाऱ्याने हलकी रायफल घ्यावी, हे म्हणणे बरोबर आहे. पण ती किती हलकी असावी हे ठरवताना बहुतेक जण फक्त आपल्या खांद्याला विचारतात. माझे म्हणणे असे की, ज्या जनावरावर गोळी झाडायची त्याच्या बाजूनेही हा विचार झाला पाहिजे. आपण मुसलमान असू तर तो करणे आपल्यावर बंधनकारकच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार बंद झाली. ती बंदी मला पूर्णपणे मान्य आहे. पण आपली माणसे फक्त भारतात राहत नाहीत. कोकणी मुसलमानांची अनेक कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून केपटाऊनमध्ये नांदत आहेत. तिथे परवाना काढून आणि जमीनमालकाची परवानगी घेऊन शिकार करता येते, आणि मारलेल्या जनावराचे मांस घरी शिजते. तिकडच्या माझ्या एका नातेवाइकाला कारूच्या माळावर पायी फिरून स्प्रिंगबॉक मारायचे आहे. 'बाजारातली सगळ्यात हलकी रायफल आणि सगळ्यात जोरदार काडतूस' अशी त्याची निवड आहे. मी त्या माळावर त्याच्याबरोबर चाललो आहे. गोळी कधी झाडली नाही, पण रायफल वाहण्याची पाळी माझ्यावरही आली. त्यामुळे त्याच्या खांद्याचे दुःख मला समजते. तरीही त्याची निवड मला पटत नाही.

हलक्या रायफलीचा फायदा खरा आहे. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. कुमाऊंच्या डोंगरांत दिवसभर चालायचे तेव्हा जड दुनळीऐवजी तो अनेकदा हीच घेऊन निघे. १९३० मध्ये चौगढची वाघीण अगदी समोरासमोर आली, तेव्हा त्याच्या डाव्या हातात रातवा पक्ष्याची अंडी होती. त्याने एकाच हाताने रायफल हळूहळू वळवून गोळी झाडली. आपण वाचलो त्याची जी कारणे त्याने पुढे सांगितली, त्यांत रायफल हलकी होती हेही एक होते.

पण ही रायफल 'हलकी' होती ती त्याच्या जड दुनळीच्या मानाने. शिवाय तिचे काडतूस सौम्य होते. .२७५ रिग्बी म्हणजे मूळचे ७×५७ माउझर. हेच काडतूस १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध वापरले, तेही त्याच दक्षिण आफ्रिकेत. रायफल हलकी आणि काडतूसही बेताचे, अशी ती जोडी होती. आजचा खरेदीदार यातला पहिला भाग उचलतो आणि दुसरा विसरतो.

हिशोब सरळ आहे. गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितका धक्का रायफलीला मागे बसतो. काडतूस तेच ठेवून चार किलोची रायफल तीन किलोवर आणली, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. त्यात मॅग्नम काडतूस घातले तर दोन-चार बार काढल्यावर शरीर घाबरायला शिकते. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि नळी किंचित हलते. निशाणाच्या कागदावर चार बोटे चुकले तर काही बिघडत नाही. स्प्रिंगबॉक मात्र जेमतेम तीस-चाळीस किलोचे जनावर. त्याच्या छातीतली मर्माची जागा मोठ्या बशीएवढी. तिथे चार बोटे चुकली की गोळी पोटात किंवा पायात जाते आणि जनावर तशा अवस्थेत मैलभर पळते.

दुसरी अडचण स्थिरतेची. चढ चढून आल्यावर छाती धपापत असते. जड नळी हा थरकाप थोडा गिळते, पिसासारखी नळी तो जसाच्या तसा दाखवते. बारीक नळी लवकर तापते आणि लागोपाठ बार काढले तर नेम सरकू शकतो. म्हणून वजन कमी करायचेच तर नळी खरवडून करू नये. लाकडाऐवजी फायबरचा दस्ता घ्यावा, लहान दुर्बीण लावावी, खिशात वीसऐवजी आठ काडतुसे ठेवावीत. दुर्बीण आणि पट्टा धरून साडेतीन किलोच्या आसपासची रायफल, आणि ७×५७ किंवा .२४३ सारखे सौम्य काडतूस. स्प्रिंगबॉकसाठी एवढे पुष्कळ झाले. सराव टेबलावर रायफल टेकवून करू नये. बसून, गुडघ्यावर, काठीचा आधार घेऊन करावा. ज्या अंतरावर पाचही गोळ्या बशीत पडतात ते आपले अंतर. त्यापलीकडचे जनावर आपले नाही.

इथे 'करामोजो' बेलचे उदाहरण हमखास दिले जाते. या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे याच ७×५७ ने. पण हत्तीचा मेंदू नेमका कुठे असतो हे पाहण्यासाठी त्याने हत्तीची कवटी करवतीने कापली होती, हे सांगायचे राहून जाते. त्याचे हत्तींचे आकडे आज वाचवत नाहीत. तरी एवढे शिकण्यासारखे आहे की त्याची भिस्त काडतुसाच्या जोरावर नव्हती, गोळी कुठे लागते यावर होती.

आता धर्माचा मुद्दा. खाण्यासाठी शिकार करायला इस्लामने परवानगी दिली आहे, पण जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करायला प्रेषितांनी मनाई केली. जबीहा करायचा तर सुरीला धार लावा, जनावराला कमीत कमी त्रास द्या, ही त्यांची शिकवण प्रत्येक मुसलमान घरात ठाऊक आहे. माझ्या मते रायफलीची निवड, सराव आणि अंतराची मर्यादा हे सगळे त्या 'धार लावण्या'तच येते. ईदला बोथट सुरी आणणाऱ्या खाटकाला आपण दारातून परत पाठवतो. मग ज्याचा नेम बोथट आहे त्याला माळावर का जाऊ द्यावे?

एक अवघड प्रश्न उरतो. बिस्मिल्लाह म्हणून झाडलेल्या गोळीने मेलेले जनावर हलाल की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. काही जण ते जायज मानतात. भारतीय उपखंडातले बरेच उलेमा म्हणतात की जनावर जिवंत हाती लागून जबीहा झाला तरच ते खावे. या दुसऱ्या मताचे काही शिकारी मग जनावर लगेच मरू नये म्हणून मुद्दाम मर्म सोडून गोळी मारतात. हे मला कधीही मान्य होणार नाही. मांस हलाल करण्यासाठी जनावराचे हाल करायचे, हा कसला दीन? ज्याला हे मत पटते त्याने ते जरूर पाळावे, पण मग बंदूक घरी ठेवावी आणि मांस खाटकाकडून आणावे. स्वच्छ नेम आणि आपला मसला यांचा मेळ बसत नसेल, तर शिकार सोडून देता येते. शिकार काही फर्ज नाही.

त्या नातेवाइकाला मी हेच कळवले. त्याचे उत्तर आले: दुकानात ठेवलेली अडीच किलोची रायफल अजून मनातून जात नाही, पण मॅग्नमचा नाद सोडला आहे. माझे म्हणणे निम्मे तरी पोहोचले. उरलेले निम्मे त्याला बशीएवढा कागद शिकवील. त्यावर पाच गोळ्या पडेपर्यंत त्याने स्प्रिंगबॉकला तसदी देऊ नये.