हरवलेली अक्षरे आणि टिकणारी विद्या

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली आणि पुढील दहा वर्षांत मराठीत एक नवा व्यवसाय उभा राहिला. खिळे जुळविणाऱ्याच्या जागी संगणकाच्या पडद्यावर पाने रचणारा कारागीर आला. त्या पहिल्या पिढीतील अनेक जण आज पन्नाशीच्या घरात आहेत. एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी संगणकवर्गाची फी भरणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकाने त्यांच्या वाटचालीकडे अवश्य पाहावे.

या पिढीचे मराठी लेखन ही मुळात एक तडजोड होती. संगणकात साठविली जात ती रोमन अक्षरांची चिन्हे. फॉण्ट त्यांना केवळ देवनागरीचे रूप देई. प्रत्येक कंपनीच्या फॉण्टची मांडणी निराळी, त्यामुळे तो फॉण्ट नसला की लेखाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्येच ठरले होते. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. परंतु ‘विंडोज २०००’ येईपर्यंत सामान्य माणसाच्या संगणकात युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. या कंपन्या नसत्या तर मराठी पडद्यावर आणखी उशिरा आली असती, हेही मान्य केले पाहिजे. मात्र खाजगी मानकाचा नफा विक्रेत्याला मिळतो आणि त्याची किंमत पुढे समाजाला मोजावी लागते, हा अर्थशास्त्राचा नियम येथेही चुकला नाही.

ती किंमत दुहेरी होती. रात्री जागवून शिकलेली कौशल्ये दहा-पंधरा वर्षांत निरुपयोगी झाली. ‘फ्लॅश’चा आधार तर ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. ‘जिओसिटीज’ने २००९ मध्ये दारे लावली, तेव्हा हौशी लेखकांची असंख्य पानेही गेली. याउलट, पानाची रचना सांगणारी एचटीएमएल ही साधी खूणभाषा टिकली. टिम बर्नर्स-ली यांच्या ज्या वेबबरोबर ती आली, ते जिनिव्हाच्या ‘सर्न’ संस्थेने एप्रिल १९९३ मध्ये सर्वांसाठी मुक्त केले होते. जे सर्वांचे असते तेच टिकते. म्हणून ज्याने केवळ कळी दाबण्याचे तंत्र घोकले, त्याची विद्या त्या तंत्राबरोबर जुनी झाली; ज्याने रचनेचे तत्त्व जाणले, त्याला नवे साधन परके वाटले नाही. वर्ग निवडताना हाच निकष लावावा.

उरतो प्रश्न त्या मजकुराचा. याच जिल्ह्यातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. सोपानदेवांनी आणि आप्तांनी त्यांची गाणी कागदावर उतरविली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघाले आणि आजही ते कोणालाही वाचता येते. जुन्या फॉण्टांत अडकलेले मराठी लेखन युनिकोडमध्ये उतरविणे हे त्याच जातीचे काम आहे. ते फॉण्ट जाणणारी माणसे कामकरी वयात आहेत तोवरच ते स्वस्तात होईल. जळगावच्या विद्यापीठाने २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव धारण केले आहे. निदान खानदेशापुरते हे काम त्याने अंगावर घ्यावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.