सांभाळलेला खेळाडू

सावर्ड्यात महामार्गालगतच्या चहाच्या टपरीवर प्रो कबड्डीच्या लिलावाचा विषय निघाला की यू मुंबावरचा जुना राग आजही वर येतो, आणि मला तो रास्त वाटतो. ज्या अनुप कुमारने 2015 साली संघाला विजेतेपद मिळवून दिलं, तो 2018 मध्ये जयपूरकडून खेळला आणि त्याच हंगामात निवृत्त झाला. वय झालं होतं, एक वेळ ते समजून घेऊ. पण सिद्धार्थ देसाईचं काय? चंदगडचा हा धिप्पाड पोरगा मुंबईने 36 लाख 40 हजारांत घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेच्या वर गुण कमावले. तीन-तीन बचावपटू अंगावर घेऊन तो मध्यरेषा गाठायचा, तेव्हा टीव्हीपुढची माणसं उभी राहायची. पुढच्याच वर्षी, 2019 च्या लिलावात, तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजून त्याला नेलं. खर्चाची मर्यादा सगळ्याच संघांना असते, हे मान्य. तरी असा खेळाडू सुटू देणं ही चूकच. आणि प्रश्न एका चढाईपटूचाच नाही, संघ एकत्र टिकवण्याचा आहे; बचावातही कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा गडी यांची साखळी जमायलाच हंगाम जातो. पुणेरी पलटणने अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही पोरं धीराने एकत्र राखली आणि मार्च 2024 मध्ये हरियाणाला 28-25 हरवून चषक पुण्याला नेला. यू मुंबाच्या व्यवस्थापनाने खेळाडू मोकळे करायची यादी काढण्याआधी हा संघ नीट अभ्यासावा.